तामचिनीचा मग आणि रूथची बाटली

परवा आमच्या गावातल्या फ्रीगंज भागात माझं रेकॉर्डिंग झालं... हो, माझं! ऐंशीची झाले, पण तोंड अजून शाबूत आहे, म्हणून निवड झाली असावी.

रूथ माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिची नात चर्चमधल्या लहान मुलांसाठी मोबाइलवर ऐकायची नाटकं बनवते. या वेळचा विषय होता मैत्री, आणि दुसऱ्याला नावं ठेवणं. दोन आज्ज्यांचे आवाज हवे होते आणि आम्ही दोघी आयत्याच सापडलो.

गंमत म्हणजे याच विषयावरचं नाटुकलं आम्ही दोघींनी लहानपणी केलं होतं. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, त्या वर्षी. आमच्या मिशनच्या शाळेत नाताळला पडद्याआडून नुसत्या आवाजाचं नाटक व्हायचं, लाउडस्पीकरवर. मराठी पालक पुष्कळ, म्हणून एक नाटुकलं मराठीत.

त्यात दोन मैत्रिणी... एक दुसरीच्या डोळ्यातलं कुसळ शोधत बसते, आणि स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाचा पत्ताच नाही! रूथ म्हणायची हे बायबलमधलं, माझी आई म्हणायची छे, ही तर आपली म्हण. त्यावरून आमची रोज खामखा जुंपायची.

तर प्रॅक्टिससाठी रूथ पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होती. आणि हीच तर पंचाईत होती!

कारण आमच्या पडवीतल्या कोनाड्यात निळ्या काठाचा एक तामचिनीचा मग असायचा. ज्यांचं पाणी आमच्यात चालायचं नाही, अशांना पाणी त्यातून. आई वाईट नव्हती हो... तिच्या आईनं केलं तेच ती करत होती. राज्य बदललं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या, पण आमच्या स्वयंपाकघराची हद्द काही जागची हलली नव्हती.

मला एवढंच कळत होतं की रूथला त्या मगात पाणी मिळालं की संपलं सगळं. बाबांच्या बदलीमुळे मी ग्वाल्हेरहून नवी आलेली, वर्गात माझ्याशी धड बोलणारी ती एकटीच. म्हणून सकाळीच मी तो मग उचलला आणि न्हाणीघरात बंबामागे दडवून ठेवला.

दुपारी रूथ आली. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी. आम्ही पडवीत बसून संवाद म्हणायला लागलो, पण माझं सगळं लक्ष आईकडे. आली ना ती पाणी द्यायला! कोनाडा रिकामा. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं... मग माझ्याकडे पाहिलं. मी मेल्याहून मेल्यासारखी.

तेवढ्यात रूथनं पिशवीतून काचेची बाटली काढली. "काकू, पाणी नको, मी आणलंय. सिंहस्थाच्या गर्दीत साथ आली तेव्हापासून आईनं सांगून ठेवलंय, न उकळलेलं पाणी कुणाकडेही प्यायचं नाही. हैजा होतो, कॉलरा." तिची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती.

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पहाटे उठून, सोवळ्यात विहिरीचं पाणी काढून, दुहेरी फडक्यानं गाळणारी बाई ती... आणि तिच्या पाण्याला नावं? तरातरा आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, झालं... आता रूथचं येणं कायमचं बंद.

बऱ्याच वेळानं आई बाहेर आली. हातात चांदीचं फुलपात्र! तिच्या माहेरचं, फक्त सणावारी निघणारं. "घे. चांगलं खळखळून उकळून गार केलंय. आणि आईला जाऊन सांग, कसं असतं आमच्या घरचं पाणी ते."

रूथनं फुलपात्राला ओठ लावले आणि घटाघटा सगळं संपवलं. आईनं ते परत घेतलं आणि आमच्या रोजच्या भांड्यांत घासायला टाकलं. माझा जीव भांड्यात पडला. इतकी भूक लागली म्हणून सांगू त्यानंतर!

त्या दिवसापासून आमच्याकडे पाणी उकळायला लागलं. तो तामचिनीचा मग पुढे बंबामागे सापडला आणि कोळसे काढायच्या कामी लागला. आईनं तो कोनाड्यात परत ठेवला नाही, आणि तो बंबामागे कसा गेला तेही विचारलं नाही.

पण एक रुखरुख मला जन्मभर राहिली... त्या मगाचं रूथला कधी कळलं असेल का? विचारायची हिंमत नव्हती.

परवा रेकॉर्डिंग संपलं, नातीनं पाणी आणलं. मी म्हटलं, उकळलंय ना गं, नाहीतर तुझी पणजी वरून रागवेल! सगळ्या हसलो. आणि मग रूथ बाईसाहेब अगदी सहज म्हणाल्या, "अगं, उकळण्याचं ते निमित्त होतं. त्याआधी वर्गातल्या एकीच्या घरी मला बाहेर बसवून वेगळ्या कपात पाणी दिलं होतं. मी घरी येऊन रडले. तुझ्याकडे यायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, जा, पण आपली बाटली घेऊन जा. म्हणजे तिच्या आईला कप शोधावा लागणार नाही."

मी इकडे तो मग लपवत होते, आणि ती तिकडून बाटली घेऊन निघाली होती!

इतकी वर्षं मी घाबरत होते की हिला कधीतरी कळेल. तिला तर आमच्या दारात पाऊल टाकायच्या आधीपासून माहीत होतं... आणि तरी ती आली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

निघताना तिच्या पेल्यात पाणी उरलं होतं, ते मी पिऊन टाकलं. ती ओरडली, अगं उष्टं आहे! मी म्हटलं, असू दे.

आलीस ते फार बरं केलंस गं, रूथ.