दादाची पाटी आणि उकळणारी जीप

माझं आयुष्य मार्गाला लागलं ते आमच्या थोरल्या दत्तादादामुळे. आणि माझी जीप मार्गात उकळायची तीही त्याच्यामुळेच.

दादा दहावीनंतर वडापची, म्हणजे गावोगाव माणसं नेणारी, जीप चालवू लागला; त्या कमाईवर मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो. (घराण्यातला पहिला पदवीधर! पुढे बंगळुरूत कॉम्प्युटरसमोर बसलो, ते सोडा.) दादा पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होता. त्याला स्टेशनवरून आपल्या गाडीतून आणायचंच, म्हणून मी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. पुढच्या जाळीवर परातीएवढी पितळी पाटी ठोकली: 'दत्तादादाचे आशीर्वाद'.

त्या दिवसापासून व्हाइटफील्डच्या गर्दीत तापमानाचा काटा लाल! वाफ! मागे हॉर्न!

चामराजपेटचे मेकॅनिक तुकोजीअण्णा (पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तरी घरात मराठी) यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, पाण्याचा पंपही नवा घातला. लांब चक्कर मारून आले आणि म्हणाले, "गाडी सरी आहे, सार, एकदम ठीक. तुमचंच डोकं स्वल्प गरम."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ!

"अण्णांच्या हातात कशी तापत नाही?" बायकोनं, वसुधानं विचारलं.

"जुनी गाडी माणूस ओळखते." (इंजिनिअरचं उत्तर!)

दादा आला. अर्ध्या वाटेत जीप उकळली. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच दादा ओरडला, "इंजिनिअर, हात काढ! भाजशील!"

मग माझ्या गॅरेजच्या खेपा ऐकत तो जाळीपुढे उकिडवा बसला. "हे कुणी लावलं?"

"मी."

"गॅरेजात नेताना होतं?"

"छे! ओरखडा पडेल म्हणून घरी काढून ठेवायचो."

मला वाटलं, आता हसेल. त्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. गाडी निवल्यावर रुमालानं पुसली आणि पान्यानं सोडवली.

"खुळ्या, इंजिनाला वारा लागतो. आशीर्वाद मी मागं बसून देतो की!"

घरापर्यंत तो पाटी मांडीवर घेऊन मागं बसला. काटा हलला नाही.

दादा मेसेज वाचत नाही, पत्रं मात्र जपून ठेवतो. म्हणून तो गावी परतल्यावर त्याला लिहिलं:

'तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार. जीप थंड आहे. पाटी आता हॉलमध्ये, माझ्या पदवीच्या जागी लावली आहे. पदवी जीपच्या जाळीवर लावावी, असं वसुधा म्हणते. त्या पदवीतून वारा आरपार जातो, हे सिद्ध झालंय म्हणे.'