कुसुमचे चार दिवस

आमच्या पंचवटीत अजूनही काही घरांत बायकांना कावळा शिवतो. म्हणजे पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं, देवघर बंद, स्वयंपाकघर बंद. मला या प्रकाराची भयंकर चीड आहे आणि ती मी कुणापासून लपवत नाही. पण माझी शेजारीण कुसुम हेच चार दिवस सोडायला तयार नव्हती. त्यावरून तिच्या घरात जे महाभारत झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कुसुमचा नवरा, चिंतामणगुरुजी, रामकुंडावर श्राद्धविधी करतात. बाहेरगावची मंडळी विधी आटोपून त्यांच्याच घरी जेवायला येतात. हा स्वयंपाक सोवळ्यात करायचा. पहाटे अंघोळ, वेगळं ठेवलेलं सोवळं नेसायचं, कुणाला शिवायचं नाही आणि वडे, खीर, आमटी, पोळ्या करत दुपारपर्यंत शेगडीपुढे उभं राहायचं. लग्न झाल्यापासून हे कुसुमकडेच. रविवार नाही की सणवार नाही. सुट्टी मिळायची ती फक्त कावळ्याच्या कृपेने. तेवढे दिवस सासूबाई, वत्सलाबाई, शेगडीपुढे उभ्या राहायच्या.

नवी नवरी होती तेव्हा कुसुम बाजूला बसायच्या कोपऱ्यात रडायची. मग शहाणी झाली. त्या चार पहाटे ती माझ्याबरोबर तपोवनापर्यंत चालून यायला लागली. दुपारी वाचायची, ताणून झोपायची. चार दिवसांनी तिचा चेहरा असा काही टवटवीत दिसायचा की मला तिचा हेवा वाटायचा.

पंचेचाळिशी उलटली आणि कावळा वाट चुकायला लागला. दोन-दोन महिने पत्ता नाही. शेगडीपुढे एकाएकी अंगातून वाफा निघायच्या, सोवळं घामाने चिंब व्हायचं. रात्रीची झोप उडाली. एवढ्या-तेवढ्यावरून ती भांडी आपटायची आणि नंतर स्वतःवरच चिडायची. शेवटी मीच तिला ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई मोकळ्या बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "हा आजार नाही, घाबरू नका. वर्षभर अजिबात आली नाही की मग पाळी गेली म्हणायची. तोवर रोज चाला, थोडी वजनं उचला, हाडं सांभाळा. नाचणी, तीळ, दूध पोटात जाऊ द्या. झोप मोडायची नाही. आणि त्रास वाढला तर या, सोसत बसू नका."

"रोज चाला म्हणे!" बाहेर आल्यावर कुसुम फणकारली. "सविता, मला पहाट मिळते ती फक्त त्या चार दिवसांत. आता तीही जाणार."

घरी वेगळाच आनंदीआनंद होता. "सुटलीस गं बाई!" वत्सलाबाई म्हणाल्या. "आता मधे अडचण नाही. पूर्ण महिना सोवळं तुझ्याकडे." कुंभमेळा तोंडावर आलेला, गुरुजी तर फोनवर येईल त्याला होकार देत सुटले. बायकोला मात्र एका शब्दाने विचारलं नाही.

मी कुसुमला म्हटलं, "शिवला म्हणून सांग की. कोण तपासायला येतंय?"

ती भडकलीच. "खोटं बोलून सुट्टी घ्यायला मी काय शाळेतली पोरगी आहे? विटाळ झाला म्हटलं तर बसायला देतात आणि दमले म्हटलं तर नाही? बघतेच मी."

दुसऱ्याच दिवशी नामपूरची मंडळी जेवायला यायची होती. कुसुम पहाटे माझ्याबरोबर चालून आली, मला चहाला घरात घेतलं, माझ्यापुढे कप ठेवला आणि त्याच बाजूच्या कोपऱ्यात चटई टाकून नाचणीची आंबील पीत निवांत बसली.

सोवळं नेसून काय काय झालंय ते बघायला आलेल्या वत्सलाबाई थबकल्या. "शिवला का गं कावळा?"

"नाही, आई."

"मग बसलीस का?"

"दमले म्हणून."

गुरुजी धावत आले. "अगं, मंडळी निघालीत तिकडून! स्वयंपाक कोण करणार?"

"तुम्ही करा, नाहीतर आचारी बोलवा."

"आणि लोकांना काय सांगू?"

"बायको दमलीय म्हणून सांगा. पाळी आली काय, गेली काय, महिन्यातले चार दिवस माझे. आणि एरवीही रोज सकाळी मी चालायला जाणार. आल्यावर शेगडी पेटेल."

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही आग मीच लावली होती. मला त्याचा अभिमानच वाटला. मग ते आईकडे वळले. "आई, निदान तू तरी हात लाव. दर महिन्याला करतेसच की."

वत्सलाबाईंच्या हातात झारा होता.

"माझी पाळी गेली तेव्हा मी देवाला पेढे ठेवले होते रे," त्या म्हणाल्या. "त्यानंतर आजपर्यंत मला कुणी 'बस' म्हटलेलं नाही."

त्यांनी झारा लेकाच्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात टेकत त्या चटईकडे वळल्या.

"कुसुम, सरक जरा."