आबांचा संध्याकाळचा दम

त्या उन्हाळ्यात आबांना फक्त संध्याकाळी दम लागायचा. सकाळी मी नांदेडहून फोन केला की ते नीट बोलत, मी शिकवते त्या कॉलेजातल्या परीक्षा सुरू झाल्या का विचारत, पेपरातली एखादी बातमीही सांगत. दिवेलागणीनंतर मात्र लातूरहून मायचा रडवेला फोन यायचा. "पुन्हा तसंच झालंय बघ. ओठ निळे पडलेत. एक शब्द बोलले की धाप लागायलीय."

आबा म्हणजे माझे वडील. कलेक्टर कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. फुप्फुसं कमजोर झाल्यामुळे डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं. ते सतत चालू ठेवायचं. त्याची घरघर फार, म्हणून मशीन आतल्या खोलीत ठेवलं होतं आणि तिथून एक लांब नळी बाहेरच्या खोलीत, आबांच्या पलंगापर्यंत आणली होती.

डॉक्टरांनाही कोडं पडलं. नळी नाकात आहे, औषधं वेळेवर आहेत, मग माणूस रोज ठरल्यासारखा संध्याकाळीच कसा खालावतो? त्यांनी गोळ्या बदलल्या. हृदयाची तपासणी केली, तिच्यात काही निघालं नाही. मशीनवाला दुपारी येऊन बघून गेला आणि "एकदम ओके आहे" म्हणाला. मला वाटलं, संध्याकाळी व्होल्टेज कमी होत असेल. मी स्टॅबिलायझर पाठवला. फरक शून्य. मग कूलरची ओल, समोरच्या रस्त्याची धूळ, मायच्या फोडणीचा ठसका, ज्याच्यावर संशय घेता येईल त्याच्यावर आम्ही घेतला.

त्याच सुमारास गल्लीत विजेचे नवे मीटर बसले होते. बसवणारा जाता जाता म्हणाला होता, "दिवसा वापरा, दिवसा सूट हाय." एवढ्याशा वाक्यावरून गल्लीत गोंधळ उडाला. समोरच्या बाई भर उन्हात इस्त्री करू लागल्या. शेजारचे मास्तर ठासून सांगत की स्वस्त वीज रात्रीचीच असते, कारखाने म्हणून तर रात्री चालतात. कुणी म्हणे, संध्याकाळी दुप्पट लागणार. मायने कपडे धुवायचं मशीन दुपारी लावायला सुरुवात केली. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. मी फोनवर हे ऐकून हसायचे.

परीक्षा संपल्या आणि मी रजा टाकून निघाले. अहमदपूर, चाकूर करत बस लातूरला पोचली तेव्हा दुपार होती. आबा छान होते. माझ्याबरोबर भाकरी खाल्ली, गप्पा मारल्या. संध्याकाळी माय विहारात वंदनेला गेली. आबा संडासला जाऊन आले, नळी नाकात नीट बसवून भिंतीला टेकले. थोड्या वेळाने ते वाक्यं अर्ध्यात सोडू लागले. त्यांची नखं निळसर दिसायला लागली, तशी मी घाबरून मशीनचा काटा बघायला आत पळाले.

आतल्या खोलीत शांतता होती. वाटलं, लाईट गेली. पण डोक्यावर पंखा फिरत होता. मग भिंतीवरच्या बटणाकडं लक्ष गेलं. ते बंद होतं.

मी बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं तसा बाहेरून आबांचा आवाज आला, "राहू दे गं. जेवणं झाल्यावर लावतो मी."

"आबा, तुम्ही बंद केलं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"हाव. आतून येताना करतो."

"रोज?"

त्यांनी मान हलवली. म्हणजे इतके दिवस नळी नाकात होती आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं. मायला अलीकडं कमी ऐकू येतं, मशीन थांबलेलं तिला कळणार कसं?

"चार पैशांसाठी, आबा?" माझा आवाज चढला.

"पैशाचं न्हाई." ते दम घेत घेत बोलले. "दिवसा सूट कशाला देऊन राहिले? संध्याकाळी वीज पुरंना म्हणून. सगळ्यांचा सैपाक, लेकरांचा अभ्यास त्याच टायमाला. मी दिवसभर घरीच हाय. माझं दिवसा भागतंय."

मला टँकरची रांग आठवली. लातूर जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या दुष्काळात आबांकडं टँकरचं काम होतं. मी तेव्हा शाळकरी पोर. गल्लीत टँकर आला की ते मायला रांगेत सगळ्यात मागं उभं करत. कचेरीतल्या माणसाची बायको पुढं दिसायला नको, म्हणत. बऱ्याचदा तिच्या घागरीपर्यंत पाणी यायचंच नाही.

"आबा, संध्याकाळी काही दंड नाही," मी समजावलं. "दर नेहमीचाच आहे. दिवसा फक्त थोडी सूट."

"मग संध्याकाळी महागच झाली की."

बरोबर ते होते की मी?

माय आली. मी तिच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. तिला आधी पटेना. दोनदा विचारलं, मग आत जाऊन बटण बघून आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"मी त्या डॉक्टरवर चिडून राहिले, पोरीला रडत फोन करून राहिले, अन् तुम्ही बटण बंद करून बसलात?" ती म्हणाली. "पाण्याला मला शेवटी उभं केलंत, तेव्हा मी तोंड उघडलं न्हाई. पण हे चालायचं न्हाई."

आबा "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन बाहेर, पलंगाशेजारी आलं. माय येता-जाता त्याच्यावर हात ठेवून ते थरथरतंय का बघते. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून "स्वतःच बंद करत होते?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. आठवडाभरात संध्याकाळचा दम गेला. त्याऐवजी आबा टीव्ही आणि ट्यूबलाईट बंद करायला लागले. माय ओसरीवरच्या उजेडात भाजी निवडते.

परतताना बसमध्ये मी त्यांच्यावर रागवायचा प्रयत्न केला. त्यांचं चुकलं होतं हे नक्की, पण नेमकं काय चुकलं ते मला स्वतःलाही नीट मांडता येईना.

आता संध्याकाळी फोन आबाच करतात. घरघरीमुळे त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नाही. परवा बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होते, विजेचंच असावं. मी आपली "हाव, हाव" म्हणत राहिले.