गोधडीखालच्या दोन प्लेटा

माझे वडील, आप्पा, वीजखात्यात लाईनमन होते. पारनेर तालुक्यातल्या कितीतरी वस्त्यांवर त्यांनी तारा ओढल्या, पण माळावरच्या आमच्या शेतात खांब आलाच नाही. मधे नाला होता, आणि आप्पांनी कधी अर्जही केला नाही. लाईनमननं आधी आपल्याच रानात लाईट नेली, असं कुणी म्हणायला नको म्हणून.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालणं सुधारलं, बोलणं जरा सावकाश झालं, उजव्या हाताची बोटं मात्र त्यांचं ऐकेनाशी झाली. गावात भावाच्या घरी त्यांचा जीव रमेना. सकाळ झाली की माळावर चला, हाच धोशा. तिथल्या पत्र्याच्या खोलीत भादव्याच्या दुपारी अंगाची लाही व्हायची आणि डॉक्टरांनी तर उष्णतेपासून जपायला बजावलेलं. मी नगरला शाळेत शिकवते. गणपतीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि त्यांच्यासाठी एक पोर्टेबल पॉवर स्टेशन घेऊन गेले. नाव मोठं, पण वस्तू साधी. हातात धरून नेता येईल अशी बॅटरीची पेटी. एका बाजूला सोलरची वायर जोडायची, दुसऱ्या बाजूला पंख्याची पिन लावायची. सोबत एक नवी सोलर प्लेट.

आप्पांनी पेटी पाहिली, प्लेट पाहिली, आणि वर पत्र्याकडं मान केली. तिथं एक जुनी प्लेट होती, पूर्वी त्यांनीच एका दिव्यासाठी लावलेली. तिची बॅटरी कधीच मेली होती.

"ती बी जोड."

"दुकानदार म्हणाला, दोन कंपन्यांच्या प्लेटा एकत्र जोडू नका."

"कंपनी कशाला बघती? पाठ बघ तिची. आकडं वाच."

मी प्लेट खाली उतरवून उलटी केली. मागचा कागद उन्हानं पार विटला होता. ओल्या फडक्यानं पुसत पुसत मी वाचत गेले.

"व्होल्ट बावीस. नवीचे साडेबावीस."

"अँपियर?"

"जुनीचे साडेचार. नवीचे नऊ."

डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत आप्पा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "व्होल्टात सारख्या हायेत. अँपियरमधी थोरली-धाकटी."

त्यांचं हिशेब करणं संपेपर्यंत मी थांबले नाही. एका प्लेटेचं टोक दुसरीच्या टोकात आपसूक बसत होतं, तसं बसवलं आणि उरलेली दोन टोकं पेटीला लावली. पेटीवर आकडा उमटला: एकशे दहा वॉट. मग नुसती नवी प्लेट लावून पाहिली, तर एकशे वीस! दोन प्लेटांपेक्षा एकच बरी होती.

आप्पा हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका गालातच राहतं.

"एकामागं एक लावल्यास तू. मोठ्या पायपाला बारका पायप जोडला तर पानी किती येनार? बारक्यातनं जाईल तेवढंच. शेजारी शेजारी जोडायच्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस. मंग अँपियर मिळत्यात, व्होल्ट हाय तेवढंच राहतंय."

"आणि अँपियर जास्त झाले तर?"

"पेटी पेलंल तेवढंच घेती. व्होल्ट जास्ती झालं तर जळती. ते आधी बघायचं."

पेटीच्या सॉकेटजवळ बारीक अक्षरात व्होल्टची मर्यादा लिहिली होती. साडेबावीस तिच्या कितीतरी आत होते.

दुसऱ्या दिवशी पारनेरच्या बाजारातून दोन वायरी एकात आणणारे, दोन तोंडांचे जोड आणले. वायरला हात घालणार, तोच आप्पा ओरडले, "आधी झाक!"

"काय झाकू?"

"प्लेटा. खांबावर चढायच्या आधी मी फोन करून लाईन बंद करायला लावायचो." त्यांनी काठीनं सूर्याकडं दाखवलं. "याला कुठं फोन करनार?"

मी खोलीतल्या गोधड्या आणून दोन्ही प्लेटांवर पांघरल्या. भर दुपारी त्या अंगणात झोपवलेल्या दोन लेकींसारख्या दिसत होत्या. लहानपणी आप्पांच्या पिशवीतल्या पक्कडलाही हात लावायची मला बंदी होती. आता तीच पक्कड माझ्या हातात होती आणि ते शेजारी उकिडवे बसून "सावकाश, बाई, सावकाश" म्हणत होते. एक जोड घट्ट बसेना. त्यांनी आपला उजवा हात उचलून माझ्या बोटांवर ठेवला. त्या हातात जोर नव्हता, नुसती ऊब होती. तरी जोड बसला.

गोधड्या काढल्या. एकशे अडुसष्ट.

मी पेटीला पंख्याची पिन लावली. पंखा फिरू लागला तसे आप्पा बाजेवर आडवे झाले. मी पेटीजवळ जमिनीवर बसले. समोर बाजरी फुलोऱ्यात होती. डोंगराच्या बाजूनं ढगांच्या सावल्या निघायच्या, नाला ओलांडायच्या, बाजरीवरून सरकत आमच्या अंगणात यायच्या, आणि आकडा साठावर उतरायचा. सावली पुढं गेली की परत चढायचा. किती वेळ मी ते पाहत होते कोण जाणे. आप्पा अर्धवट झोपेत बोलू लागले. खांबाच्या टोकावरून गावं कशी दिसायची, पत्रे कसे चमकायचे, वाऱ्यात तारा कशा गुणगुणायच्या. "वर गेलं की खाली यावंसं वाटत नसायचं," ते म्हणाले. हे त्यांनी मला पूर्वी कधीच सांगितलं नव्हतं. मग त्यांचा श्वास लांबला. मी पंखा त्यांच्याकडं जरा वळवला.

मी नगरला परतले. आता मधल्या सुट्टीत त्यांचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही.

"एकशे चव्वेचाळीस. डोंगराकडनं ढग निघालाय."

"जेवलात का, आप्पा?"

"थांब, थांब. नाल्यापत्तोर आला." मग पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडत असतात आणि मी फोन कानाशी धरून त्या ढगाची वाट बघत राहते.