घडीतला हिरवा डाग

गल्लीत त्यांना सगळे कडकराव म्हणत. खळ घालून कपडे कडक करतो म्हणून हे नाव पडलं, असं ते स्वतः सांगत. स्वभावावरून पडलं, असं त्यांची बायको सांगे. दोघंही खरंच बोलत होती.

खाली लॉन्ड्री, मागे धुण्याची मोरी आणि वर राहायची एक खोली, एवढा त्यांचा संसार. गल्लीतले शर्ट आणि चादरी यायच्याच, पण पोट चालायचं ते चौकापलीकडच्या मोठ्या हॉटेलावर. तिथल्या जेवणाचं बिल बघून घाम फुटतो असं म्हणतात. त्या घामासकट सगळं पुसलेले पांढरे नॅपकिन रोज बोचक्यात बांधून यायचे आणि दुसऱ्या दिवशी करकरीत घड्या होऊन परत जायचे. बावीस वर्षं हे चाललं होतं. बावीस वर्षं कडकराव रोज त्या हॉटेलात गेले, पण मागच्या दाराने आणि उंबरठ्यापर्यंतच.

तरी आत काय शिजतं ते या नवराबायकोला गिऱ्हाइकांपेक्षा जास्त माहीत होतं. धुणाऱ्याला डाग वाचता येतात. बायको मोरीशी पाट टाकून बसायची आणि एकेक नॅपकिन उलगडत सुरू व्हायची. “हा बघा, काळजीत जेवलाय. नुसता चुरगळलाय, पुसलं काहीच नाही.” नाहीतर, “ही बाई नवऱ्यावर चिडलेली होती हो. पीळ बघा कसा घातलाय, जणू त्याचा कानच.” कडकराव इस्त्री फिरवत म्हणायचे, “तोंड कमी चालव, हात चालव.” पण ती गप्प बसली की दोन मिनिटांत स्वतःच विचारायचे, “आणि तो लाल कशाचा?” मूलबाळ नव्हतं. बोलायला दोघंच होती आणि हे डाग.

त्यांत एक डाग सगळ्यांचा बाप होता. हिरवा, गडद, कडेला पिवळट आणि दोन पाण्यांत न हटणारा. रोज निम्म्याअधिक नॅपकिनांवर तो असायचाच आणि कधीही वर दिसायचा नाही. नॅपकिन नीट आत दुमडलेला, पुन्हा दुमडलेला, आणि उलगडला की मधोमध हा हिरवा. कधीकधी वाटाण्याएवढा गोळाही निघायचा.

बायकोने त्याचा अर्थ कधीच लावून टाकला होता. “ज्याचा डाग जास्त तो पदार्थ चांगला, सरळ आहे. लोक अर्धा खातात आणि अर्धा पोरांसाठी पुडीत बांधतात. मग चारचौघांत लाज वाटते, म्हणून टेबलावरच सोडून जातात बिचारे. पैसा कितीही असो, आईबाप घासातला घास काढणारच.” कडकरावांना हे पटलं होतं. बायकोचं पटलं असं तोंडाने म्हणायचा त्यांचा रिवाज नव्हता, म्हणून ते फक्त “हं” म्हणाले होते.

एकदा तिने तो गोळा नाकाशी नेला. “चाखू का?”

“लोकांचं उष्टं खातेस? लाज नाही वाटत?”

“मग विकत आणून खाऊ घाला.”

“घालीन की. या वर्षी धुण्याचं मशीन घेऊ, पुढच्या वर्षी जाऊ.”

मशीन आलं. मग छत गळायला लागलं, मग कडकरावांचा गुडघा धरला. पुढचं वर्ष पुढेच पळत राहिलं. तीही हट्ट करणारी नव्हती. वर्षातून एकदा आठवण करून द्यायची, हसायची आणि कामाला लागायची. मग ती आजारी पडली. दवाखान्यात तिला पाणीही गोड लागेना. नर्स विचारायची, काय खावंसं वाटतं, तर म्हणायची, “बरी झाले की तेवढं हिरवं खाणार आहे. यांनी कबूल केलंय.” कडकराव नर्सच्या देखत म्हणाले, “केलंय कबूल. आधी बरी हो.” ती बरी झाली नाही.

त्यानंतर दुकानात आवाजच राहिला नाही. “कधी मिळतील?” “परवा.” दिवसभरात त्यांच्या तोंडून एवढंच निघे. नॅपकिन उलगडला की डाग वाचून व्हायचा, तोंड उघडायचं आणि मग मिटायचं. आपण बायकोला एक साधा घास देऊ शकलो नाही, हे त्यांना खात होतं. निदान ते हिरवं कसं लागतं हे तिच्या वतीने एकदा आपल्या जिभेला कळायला हवं, असं त्यांनी मनात घेतलं. ते कळल्याशिवाय तिचं जाणं पुरं होणार नाही, असं काहीतरी. असल्या गोष्टी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकल्या असत्या तर त्याला वेड्यात काढलं असतं.

लॉन्ड्री बंद असायच्या वारी, दुपारी, त्यांनी स्वतःच्या शर्टाला दुप्पट खळ घातली आणि निघाले. शेजारच्या शिंप्याने मान वर केली. “काय कडकराव, मुलगी बघायला की काय?” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

“जेवायला,” कडकराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी “परवा” सोडून दुसरा शब्द उच्चारला होता.

पाय सवयीचे गुलाम. ते सरळ हॉटेलच्या मागच्या दाराशी गेले. भांडी घासणारा बाहेर डोकावला. “आज बोचकं नाही मामा, तुमची सुट्टी ना? उद्या या.” आपण जेवायला आलोय हे त्याला सांगायचा कडकरावांना धीर झाला नाही. “हो की, विसरलोच,” असं म्हणून ते वळसा घालून पुढच्या दाराला गेले. ते दार इतकं मोठं असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

“किती जण, सर?” वेटरने विचारलं.

“एकच.”

टेबल दोघांचं मांडलेलं होतं. वेटरने समोरची ताटली उचलली, पेला उचलला, काटे-चमचे उचलले, शेवटी नॅपकिन उचलला. सगळं अगदी आवाज न करता. कडकराव बघत राहिले. दवाखान्यात तिच्या कॉटची चादर अशीच आवाज न करता काढली होती, आणि तेव्हाही ते असेच नुसते बघत बसले होते.

मग वेटरने त्यांचा नॅपकिन एका झटक्यात उघडून मांडीवर टाकला. आपली घडी मोडताना त्यांना पहिल्यांदाच दिसली. तो नॅपकिन उद्या आपल्याच मोरीत येणार, या विचाराने त्यांनी तो मळू नये म्हणून मांडीवरच जपून ठेवला. तोंड पुसायचं झालं तर खिशात रुमाल होता.

सूप आलं. परातीएवढ्या ताटलीत तीन चमचे. कडकरावांनी एक घेतला आणि वेटरला हळूच बोलावलं. “गार झालंय.”

“ते गारच असतं, सर.”

“मुद्दाम?”

“हो, सर.”

मग मासा आला. शर्टाच्या बटणाएवढा, आणि त्याच्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी तपकिरी. ते ठिपके कडकरावांनी लगेच ओळखले. गरम पाण्यात जात नाहीत, आधी गार पाण्यात भिजवावे लागतात. चव मात्र कसलीच नव्हती. भूक होती तिथेच राहिली. आजूबाजूला लोक खाली माना घालून खात होते. परीक्षेच्या खोलीतही थोडी जास्त कुजबुज असते.

आणि मग ते आलं. पांढऱ्या बशीत, एकटं, लिंबाएवढं. हिरवं.

“आमच्या मालकांची स्वतःची पाककृती, सर. प्रत्येक पाहुण्याला त्यांच्यातर्फे.”

कडकरावांनी एकदा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. बावीस वर्षं ज्याचा नुसता डाग धुतला ते आज समोर होतं. अर्धं चमच्यावर घेतलं, मनात म्हणाले, “घे गं,” आणि तोंडात घातलं.

ओलं गवत. त्यावर खोकल्याचं औषध. आणि मागून, शंकाच नको, साबण. तोंडात कधी साबणाचा फेस गेलाच नाही असा धुणारा नसतो, ती चव त्यांना पाठ होती. घास गालात अडकला. गिळवेना. थुंकावं म्हटलं तर कशात? खिशातल्या रुमालाला हात घातला तर वेटर दोन हातांवर उभा. मांडीवर नॅपकिन होता, पण स्वतःच्या हाताने कडक केलेल्या नॅपकिनात घास थुंकायचा? त्यापेक्षा मेलेलं बरं. गाल फुगवून ते मदतीसाठी इकडेतिकडे बघू लागले.

पलीकडच्या टेबलावर मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई होत्या. त्यांनी हिरवं तोंडात घातलं, समोरच्याकडे बघून मंद हसल्या, आणि नॅपकिन अलगद ओठांना लावला. क्षणभर तसाच धरला. मग खाली घेतला, नीट आत दुमडला, पुन्हा दुमडला आणि बशीशेजारी ठेवला. पलीकडे एका साहेबांनी तेच केलं. त्यांच्यामागे आणखी एकाने. चेहऱ्यावर तेच मंद हसू.

कडकरावांनी आपल्या टेबलावरून तीन घड्या वाचल्या आणि त्यांना सगळं समजलं. पुडी! पोरांसाठी! घासातला घास!

हसू इतक्या जोरात आलं की घास गपकन पोटात गेला. ते खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्या माना वर झाल्या. वेटर धावला. “सर, काही चुकलं का?”

“नाही, नाही. हे... हे लोकांना आवडतं?”

“फार, सर,” वेटर अभिमानाने म्हणाला. “उघडल्यापासून एकही बशी भरलेली परत आलेली नाही. मालक रोज स्वतः विचारतात.”

बशी नसेलच येत. नॅपकिन येत होते, आणि ते मालकांना कोण दाखवणार? सगळ्या शहरात हे गुपित मोरीशी पाट टाकून बसणाऱ्या एका बाईच्या हातात होतं, आणि तिने त्याचा काय अर्थ लावला होता! कडकरावांना पुन्हा हसू आवरेना. पुढे काय काय आलं, ते त्यांनी धड बघितलंही नाही. बिल भरलं, घाम फुटायचा तेवढा फुटला, आणि पोटात कावळे ओरडत असतानाच ते झपाझप निघाले.

गुडघ्याचंही भान राहिलं नाही. चौक ओलांडताना मनात जुळवाजुळव चालली होती. आधी हिरव्याचं सांगायचंच नाही. आधी मागच्या दाराचं, मग गार सुपाचं. मासा बटणाएवढा होता म्हणायचं. मग ती विचारेलच, “आणि हिरवं?” तेव्हा म्हणायचं, “थांब गं, सांगतो.” अगदी तिला चीड येईपर्यंत थांबवायचं. मग मोत्यांच्या बाईचं करून दाखवायचं, नॅपकिन ओठांना लावून, तशीच मान वाकडी करून. ती पोट धरून हसेल, साबणाचे हात तोंडावर घेईल. “पुरे हो, पुरे!” म्हणेल. आणि शेवटी म्हणेल, “तरी बरं, मला चाखू दिलं नाहीत.” हे तीच म्हणेल, आपण नाही म्हणायचं.

शिंप्याने काहीतरी विचारलं, त्याला हातानेच “नंतर” म्हणत ते जिन्याकडे वळले. दोन दोन पायऱ्या चढले.

“अगं, ऐकलंस का!” वर पोहोचायच्या आतच त्यांनी हाक मारली.

दाराला कुलूप होतं. निघताना त्यांनीच लावलेलं. तिला जाऊन अकरा महिने झाले होते, आणि इतक्या दिवसांत आज पहिल्यांदाच ते हे विसरले होते. या गोष्टीवर हसू येईल असं दुसरं माणूस जगात नव्हतं. कडकराव पायरीवर बसले. किल्ली खिशात होती, पण दार उघडायची घाई आता राहिली नव्हती.