निविदेची दुसरी किल्ली

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, ते आमचे साळवे साहेब. आणि त्यांच्याबाबतची ही गोष्ट मी परवापर्यंत कुणालाच — बायकोलाही — सांगितलेली नाही.

मी राजूरकडचा, घरातला पहिला पदवीधर. जालन्याच्या आमच्या सरकारी कार्यालयात साहेबांनी मला शेजारी बसवून ऑनलाइन निविदांचं काम शिकवलं. त्याआधी निविदा लोखंडी पेटीत पडायच्या, आणि मोठे ठेकेदार पेटीपाशी माणसं उभी करून बाकीच्यांना परत पाठवायचे. साहेब याविरुद्ध एकटे भांडले. शाळेच्या बाकांची पहिली निविदा ऑनलाइन निघाली, तेव्हा जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका छोट्या फर्निचरवाल्यानं ती दुकानात बसून भरली. साहेबांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता तुम्ही.

निविदा उघडायला दोन डिजिटल सह्या लागतात. पेन ड्राइव्हसारखी एक किल्ली साहेबांची, दुसरी माझी. तुझी आधी घरी चालवून बघ, असं ते मला म्हणाले होते. मी बघितली नव्हती. तरी बघितली म्हणून सांगितलं — का? हुशार दिसायचं होतं, दुसरं काय?

बाकांच्या निविदा उघडायच्या दिवशी ठेकेदार पाठीमागे उभे. माझा पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. घाबरून मी टाकतच राहिलो — आणि किल्ली लॉक झाली. पडद्यावर तसं स्पष्ट आलं. मी ते घाईनं घालवलं आणि म्हणालो, सर्व्हर बंद आहे.

एक ठेकेदार हसला. "पेटीला सर्व्हर लागत नव्हता, साहेब. आता कोणाची वाट पाहून राह्यले?"

साहेब शांतपणे म्हणाले, "आमचं पोरगं खोटं बोलत न्हाई. बंद म्हणलं, मंग बंद."

मी लॉक झालेली किल्ली काढून खिशात टाकली.

नवी किल्ली मी गुपचूप करून आणली. निविदा उघडल्या, काम फर्निचरवाल्याला मिळालं — अगदी रीतसर. पण तक्रार झाली, की साहेबांनी त्याच्यासाठीच निविदा उघडणं लांबवलं. चौकशीत साहेबांनी माझंच वाक्य लेखी दिलं. सर्व्हर त्या दिवशी चालू असल्याची नोंद निघाली. साहेब खोटे ठरले, आणि तो ठपका घेऊनच निवृत्त झाले. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं, तर बोललो असतो? — नसतो.

परवा बदनापूरला, त्यांच्या घरी, पत्र पाठवलं. ते एवढंच:

"साहेब,
सर्व्हर चालू होता. किल्ली माझ्या हातून लॉक झाली आणि मी खोटं बोललो. तुम्ही माझ्या शब्दाखाली सही केलीत. ठपका माझा आहे.

प्रत : कार्यालयप्रमुख यांना माहितीस्तव सविनय सादर."