घासलेली माशी

आबांचं पिस्तूल कोतवालीतून परत आलं, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी मळक्या फडक्यात गुंडाळलेलं. आम्ही दिलं होतं ते आईने शिवलेल्या मखमली पिशवीत. पिशवीचं काय झालं हे विचारायचंही आबांना सुचलं नाही, कारण फडकं उलगडल्याबरोबर त्यांचा अंगठा नळीच्या टोकावर गेला आणि तिथेच थांबला.

"माशी घासली आहे," ते म्हणाले.

नळीच्या टोकावर जो बारीक लोखंडी उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती माशी बघायची आणि नेम धरायचा. आमच्या पिस्तुलाची माशी निम्मी उरली होती. वर कानशीचे ओरखडे तर इतके ताजे की चमकत होते.

आबा, म्हणजे माझे वडील, ग्वाल्हेर संस्थानच्या पायदळात सुभेदार होते. नेमबाजीच्या सामन्यात पहिले आले म्हणून त्यांना हे पिस्तूल बक्षीस मिळालं होतं. बावीस बोअरचं, लांब नळीचं, एका वेळी एकच गोळी घेणारं. कागदावरच्या काळ्या वर्तुळाखेरीज त्याने कधी काही टिपलं नव्हतं. मला मुलगा समजून नव्हे, तर मला आवडतं म्हणून त्यांनी ते मला लहानपणीच चालवायला शिकवलं. पुढे संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि फौजेने नव्या सरकारची शपथ घेतली. मग ती हिंदुस्थानच्या फौजेत गेली, पण जाताना तिला चाळणी लावली गेली, आणि आबा त्या चाळणीतून खाली पडले. वय जास्त, म्हणे. मग हुकूम निघाला की सगळ्यांनी हत्यारं पोलीस कोतवालीत जमा करावीत, नवे परवाने मिळतील. आबा रांगेत सगळ्यात पहिले.

परवाना यायला वर्ष उलटलं. राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदुरात. आमचे कागद नेहमी तिकडे असायचे, जिकडे साहेब नसत.

दुसऱ्या दिवशी मी आबांना ओढतच कोतवालीत नेलं. साहेब नवे होते, बाहेरून आलेले. त्यांनी पिस्तुलाकडे बघितलंसुद्धा नाही.

"सूबेदार साहब, चीज़ वापस मिल गई न? और क्या चाहिए?"

"मक्खी घिसी हुई है," आबा म्हणाले.

"घिस गई होगी रखे-रखे."

माझ्याने राहवलं नाही. "रखे-रखे लोहा घिसता है क्या?"

साहेब हसले. "बिटिया बहुत बोलती है."

आणि आबांनी काय करावं? टाचा जुळवून त्यांना सलाम ठोकला! ज्यांच्या कपाटात आमची वस्तू बिघडली, त्यांना सलाम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं.

फाटकावरच्या म्हाताऱ्या शिपायाने हळूच सांगितलं की काही शिपाई याच पिस्तुलाने छतावर कबुतरं मारत. गोळी खाली लागायची, म्हणून कुणीतरी माशी घासून टाकली. ऐकून मला आणखीच संताप आला. माशी कमी केली की नळी वर उचलावी लागते आणि गोळी वर जाते, हे त्यांना ठाऊक होतं. पण घोडा झटका देऊन ओढला तर नळीचं तोंड खाली जातं आणि गोळीही खालीच लागते, हे आबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. हात त्यांचा चुकत होता आणि कानस आमच्या पिस्तुलावर फिरली. नाचता येईना तर अंगणच खणून ठेवलं!

फूलबागेवरून जयेंद्रगंजातल्या घरापर्यंत मी आबांच्या पुढे पुढे चालत राहिले, एकदाही मागे न बघता.

आबांनी पितळेच्या पट्टीची नवी माशी केली. मुद्दाम उंच ठेवली. घासून कमी करता येते, वाढवता येत नाही. कथलाचा डाग देऊन ती बसवली, चमकू नये म्हणून जळत्या कापराच्या धुरावर धरून काळी केली, आणि एका सकाळी आम्ही गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत गेलो. आबांची नजर तोवर अधू झाली होती. त्यांना माशी दिसे तर कागद दिसेना. म्हणून गोळ्या मी झाडायच्या. मनगट टेकायला वाळूची पिशवी होती, त्यांच्या जुन्या खाकी पॅन्टच्या पायाची शिवलेली.

पहिल्या गोळ्या कागदभर विखुरल्या.

"रागात आहेस," आबा म्हणाले. "राग घरी ठेवून यायचा."

"तुम्ही कुठे ठेवलाय तुमचा?"

त्यांनी काडतुसांची डबी माझ्याकडे सरकवली. मी श्वास सोडला, घोडा सावकाश दाबला. या खेपेला भोकं एकमेकांना चिकटून पडली, पण वर्तुळाच्या पार खाली आणि उजवीकडे.

"बघ, पिस्तूल खोटं नाही. फक्त पत्ता चुकलाय."

मग काम सुरू झालं. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची खाच सरकवायची, म्हणून ती स्क्रूने किंचित डावीकडे घेतली. माशीवर कानशीचे दोन हलके हात दिले, पुन्हा कापूर, पुन्हा गोळ्या. एका गोळीवर आबा कधी विश्वास ठेवत नसत. चार-पाच एकत्र पडल्या तरच बघायला उठत. भोकांचा तो घोळका हळूहळू वर चढत गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो बरोबर काळ्याच्या मधोमध बसला. आबांनी कागद खाली काढला, भोकांतून आभाळ बघितलं आणि कानस खिशात टाकली.

त्या हिवाळ्यात नव्या राज्याचे नेमबाजीचे सामने झाले. बायकांत आम्ही मोजक्याच होतो, म्हणून आयोजकांनी आम्हाला पुरुषांबरोबरच उभं केलं. मी तिसरी आले. आबांचे पलटणीतले एक जुने सोबती तिथेच भेटायला आले आणि पिस्तूल हातात घेऊन म्हणाले, "कोतवालीत गेलं होतं नं हे? ठीक ठेवलं त्यांनी?"

"उत्तम," आबा म्हणाले. "तेलपाणीसुद्धा करून दिलं."

मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. घरी परतताना वाटेत मी त्यांना अडवलंच.

"खोटं का बोललात?"

"विलीनीकरणात मी या सरकारची शपथ घेतली आहे. ज्याची शपथ घेतली त्याची चहाडी चारचौघांत करायची नसते. महाराजांची केली नाही, यांचीही करणार नाही."

"ज्याने कानस चालवली त्यानेही शपथ घेतलीच असेल नं?"

"असेल," आबा म्हणाले आणि चालू लागले.

मला ते तेव्हा पटलं नाही. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाहून मोठी आहे, आणि अजूनही पटत नाही.